बुडखा वर, शेंडा खाली

कागदावर एवढंच : लाकडी सांगाड्याचा बंगला,
छावणी, अंबाजोगाई. मोजमाप घेऊन अहवाल द्यावा.
मी टेप घेऊन गेलो, सोबत गौसुद्दीन खलाशी
आणि धानोऱ्याचे ग्यानोबा पांचाळ,
ज्यांचं वय त्यांनाही ठाऊक नाही.

बांधणारा कॅप्टन कुठल्याशा ओल्या मुलखातला.
त्यानं आठवणीतनं घर काढलं :
पांढऱ्या भिंतीत काळ्या लाकडांचे चौकोन, तिरप्या दांड्या,
वरचा मजला खालच्याहून वीतभर पुढं,
जसं कुणी वाकून बघावं
दारात कोण आलंय.
छप्पर कड्यासारखं उभं,
बर्फ घसरून जावं म्हणून.
बालाघाटाच्या ह्या माथ्यावर
दीडशे वर्षांत त्याच्यावरून घसरलं
ते फक्त ऊन,
आणि एकदा वानराचं पिल्लू, गौसुद्दीन सांगतो.

चौकट साहेबाची. पोट इथलं.
एका चौकोनाचा गिलावा सुटलाय, आत
तुराट्यांचा कूड, शेण, पांढरी माती,
एका तुराटीला दोन शेंगा तशाच,
झोडपणाऱ्याच्या नजरेतून सुटलेल्या.
मी मिलिमीटर लिहितो.
ग्यानोबा वितीनं मोजून तसू सांगतात.
आमचं उत्तर जुळत नाही,
मग ते माझ्या टेपकडं संशयानं बघतात.

खिळा एक नाही. भोकात कुसू,
दोन्हींतून आरपार बाभळीची खुंटी.
प्रत्येक सांध्यापाशी पटाशीनं कोरलेली खूण,
जमिनीवर जुळवलेला सांगाडा वर चढवताना
कोण कुणाचा ते चुकू नये.
आकडे साहेबानं दिले असणार :
एक दांडी, दोन दांड्या, दहाला फुली.
दहापर्यंत सगळं शिस्तीत.
पुढं सुतार कंटाळला असावा.
अकराव्या सांध्यावर विळा.
बाराव्यावर चंद्रकोर, तेराव्यावर मासा.
ह्या माळावर मासा कुठला, मी म्हणालो.
"बगितला आसंल कुटंतरी."

मग ते पुढच्या चार खांबांशी थांबले.
किनवटचा साग. खाली सडपातळ,
डोक्याशी मात्र फुगलेला,
तुळई आणि वरची पट्टी एकाच जागी बसावी म्हणून.
त्यांनी हात फिरवला, वरून खाली,
मग खालून वर, बैलाच्या पाठीवर फिरवावा तसा,
आणि उलटा केस लागल्यागत थबकले.
"ह्ये झाड डोक्यावर हुभं हाय.
बुडखा वर, शेंडा खाली.
आमच्यात आसं कुनी करीत न्हाई.
रानात जसं हुभं, तसंच घरात हुभं करावं."

मी सांगितलं, तिकडं असंच करतात,
बुडख्याच्या रुंदीत तीन सांधे मावतात, शास्त्र आहे त्यात.
ते ऐकत नव्हते. मागच्या अंगाला गेले होते.

मागचे आठ खांब.
बुडखा खाली. आठही.
डोक्याशी रुंदी हवी म्हणून
वेगळा ठोकळा सांधलेला, काळ्या रंगाखाली
इतका बेमालूम, की कॅप्टनला
जन्मभर कळला नसावा.
आणि प्रत्येक ठोकळ्याला, भिंतीकडच्या बाजूला,
जिथं नुसतं बोट पोचतं,
मासा.

ग्यानोबा हसले नाहीत.
"म्होरले चार बसवताना
सायब हुभा आसंल सावलीला," एवढंच म्हणाले.

पायऱ्या उतरताना मला त्यांची काठी दिसली.
बोरीची. मूठ गाठाळ, म्हणजे मुळाकडची.
काका, ही पण उलटीच की.
त्यांनी काठी डोळ्यांसमोर धरली,
पहिल्यांदाच बघितल्यागत.
"काठीला कुटं ऱ्हायचंय एका जागी,"
म्हणाले, आणि तिच्यावर भार टाकत
पाचच्या एसटीला निघाले.

एका खांबाची उंची घ्यायची राहिली होती.
मी परत आत गेलो.
गौसुद्दीननं टेपचं टोक ओढून हातात धरलं,
आणि विचारलं,
सर, कुठून लावू? मुळाकडून?