गिलावा

दोनशे दिवस साइटवर कुणी पडलं नाही
म्हणून कंपनीने शुक्रवारी सहल काढली.
पाण्याची बाटली, एक सफरचंद, आणि टोपी,
टोपीवर अर्थात कंपनीचंच नाव.
आम्हाला वाटलं, मॉल असेल.
बस थांबली सार गावाबाहेर, बहरीनच्या भर उन्हात,
जिथे चार हजार वर्षांपूर्वी लोक
गुडघाभर भिंती ठेवून निघून गेलेत.

बद्रियाबाई, निवृत्त शिक्षिका,
छत्री उघडून पुढे.
हिंदी तिची बाजारातली:
ये घर. ये भी घर. सब सेम-सेम.
एक खोली पुढची, एक आतली,
कोपऱ्यात चूल, दाराशी हौद.
मोइदीन म्हणाला, हा तर आपला कॅम्प,
फक्त एसी काढून नेलाय.
सगळे हसले. बाईही हसली, जरा उशिरा.

मग पर्समधून फोटो: घासून गुळगुळीत केलेला
दगडी ठोकळा.
तुमच्याकडचं वजन, म्हणाली. सिंधूकडून आलेलं.
मी सिंधू पाहिलेली नाही,
माझी नदी म्हणजे बावनदी, तीही उन्हाळ्यात नावापुरती.
पण तो ठोकळा तळहातात कसा बसेल
एवढं बरोब्बर कळलं.

का गेले हे लोक, कुणीतरी विचारलं.
पाणी खारं झालं असेल, ती म्हणाली,
नक्की कुणालाच ठाऊक नाही.
व्हिसा संपला असेल, लखिंदर म्हणाला.
यावर मात्र कुणी हसलं नाही.

मी मागे राहिलो, एका हौदापाशी.
आत गिलावा होता, अजून.
धाकू मेस्त्री सांगायचा, भिंत काय बघतोस, भिंत कुणीही करतो,
कोपरा बघ.
कोपऱ्यात थापी पोचत नाही, तिथे बोटंच लागतात.
मी वाकलो.
चार बोटांची ओढ, वरून खाली आणि मग उलट्या अंगाला वळलेली.
माणूस डावखुरा.
शेवटचा हात फिरवलाच नव्हता त्याने.
घाई असेल,
नाहीतर जेवायला हाक आली असेल.
माझा हात आपसूक त्या खाचांकडे गेला

आणि मागून छत्रीचं टोक खडीवर आपटलं.
हात लावू नका!
छातीवरचं कार्ड वाचून: मिस्टर बरशुराम!
त्यांच्या अरबीत प नाही,
अठरा वर्षं मी इथे बरशुरामच आहे.
सांगितलं तिला, बोटं, वळण, डावा हात.
ती काठाशी उकिडवी बसली,
छत्री वाऱ्याने उलटली तरी तिचं लक्ष नव्हतं.
चौदा वर्षं हा हौद दाखवते,
म्हणाली, हा लेफ्टी आहे हे मला कुणी सांगितलं नाही.

फोरमनने माणसं मोजली. एक कमी भरला.
तो मीच.

बसच्या दारात तिने एका चिठ्ठीवर नंबर दिला.
माझ्या स्वयंपाकघराची भिंत, म्हणाली,
तीन रंगारी पैसे घेऊन गेले,
रंग पुन्हा गळतो.

पुढच्या शुक्रवारी गेलो. ओळंबा, थापी आणि जुना बनियन घेऊन.
तिने फ्रिज सरकवला, मोबाइलचा उजेड धरला.
मी टकटक केली,
पोकळ, पोकळ, भरीव, पुन्हा पोकळ.
हे बघा, म्हटलं, पाणी इथून चढतं.
इथवर येऊन थांबतं. आणि हा लोणा,
समुद्राचं मीठ आहे हे, तुमच्या पायाखालून आलेलं.
ती मान डोलवत ऐकत होती, शाळेतल्या मुलीसारखी,
मग पुढे झाली,
तिने बोट उचललं त्या पांढऱ्या भुशाकडे.

हात लावू नका, मी म्हणालो.