प

एलुनेद प्रॉबर्ट पाटीच्या दगडावर नावं कोरते,
अक्षरामागे चार पौंड.
आज बापाचं. फुकट.

आधी होतं 'अॅप रॉबर्ट', रॉबर्टचा मुलगा.
बोलता बोलता अॅ झिजला,
प तेवढा चिकटून राहिला
गोचिडासारखा.
व्याकरणात याला लोप म्हणतात.

मुलीला शब्द होता, 'वेर्ख'.
तो कुठल्याच आडनावाला लागला नाही.
म्हणून प्रॉबर्टची मुलगीही
कागदोपत्री मुलगाच.

गावाला सगळे नुसतं 'आबेर' म्हणतात.
आबेर म्हणजे मुख.
नदी गाळली, मुख ठेवलं.
बसच्या पाटीवर मावत नव्हती म्हणे.

तिनं गाव पुरतं कोरलं, नदीसकट.
मग गुडघ्यावर बसून
खाली, जिथे गवत चढेल तिथे,
'वेर्ख'.
र जरा तिरका गेला.