प्लॉट नंबर सात

वेस्टरविल, ओहायो. सकाळचे आठ चाळीस.
दव अजून उठलेलं नाही, बूट भिजून जड,
आणि डोरीन कोवालचिकच्या अंगणात
मी एक पारदर्शक डबा उपडा घालते आहे,
टोपलीखाली कोंबडी डालावी तसा.

आत वीतभर गवत. बाहेर मी.
नियम एवढाच,
वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसायचं
आणि डब्याच्या दिशेनं श्वास सोडायचा नाही.
माणसाचा एक उसासा
गवताच्या दोन मिनिटांच्या कष्टांवर पाणी फिरवतो.

पडद्यावर आकडा उतरतो:
चारशे एकतीस, अठ्ठावीस, बावीस.
गवत ओढून घेतंय.
मग डब्यावर काळं कापड टाकते
आणि आकडा परत जिना चढायला लागतो.
तेच गवत, तीच माती,
अंधार केला की उसनं फेडायला बसतात,
कधी मुद्दलाहून जास्त.

पाण्याच्या टाकीवर आमचं मोठं यंत्र आहे,
सेकंदाला वीस वेळा वारा चाखणारं.
त्याला सगळी वस्ती एकदम कळते.
दक्षिणेचा वारा असला की हायवे,
पश्चिमेचा असला की गोल्फचं मैदान,
थँक्सगिव्हिंगला दुपारी दोन वाजता सगळ्यांचे ओव्हन.
डोरीन मात्र त्याला वेगळी दिसत नाही.
त्यासाठी गुडघे टेकावे लागतात.

शेजारचा ट्रेंट मोवर थांबवून विचारतो,
"माझं गवत पास आहे ना?"
पास आहे. एक तण नाही, एक पातं वर नाही.
मोवरचं पेट्रोल, खताच्या गोण्या, पहाटेचे फवारे
आम्ही दुसऱ्या खात्यावर मांडतो,
हे मी त्याला सांगत नाही.
कुंपणानेच शेत खाल्लं, असं आईकडून ऐकलं होतं.
इथं कुंपण घालायलाही असोसिएशनची परवानगी लागते.

प्लॉट नंबर सात एप्रिलपासून कापलेला नाही.
वॉल्ट शनिवारी कापायचा.
असोसिएशनची तीन पत्रं येऊन गेली, तिसरं पिवळं.
चौथ्याच्या आत मी आले,
चार केशरी झेंडे रोवले, पाटी लावली:
संशोधन चालू आहे, गवताला हात लावू नये.
मला न कापलेला तुकडा हवाच होता.
तिला काय हवं होतं, ते मी विचारलं नाही.

"आज किती घेतलं?" ती विचारते.
ग्रॅममध्ये सांगते.
"म्हणजे चमचाभर?"
चमच्याच्या टोकावर राहील एवढं, मी म्हणते,
आणि ती नीट बघायला वाकते, हातात कॉफी,
मी डबा नुकताच उचललेला, नळी उघडी,
आणि पडद्यावर पाचशे सत्तर.
ती दचकते. "हे मी?"
हो, तुम्ही.
"बरं," ती म्हणते,
आणि पुन्हा एकदा, मुद्दाम, हळूच फुंकते.
सहाशे बारा.

हे दोन्ही आकडे गाळायचे असतात.
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिते: डी. के., कॉफी.
डॉक्टर लिंडक्विस्ट त्यावर रेघ मारतील.

निघताना ती गॅरेजचं दार वर करते.
मोवर तिथंच आहे, पात्यांच्या खालच्या बाजूला
गेल्या ऑगस्टचं गवत चिकटून करडं झालेलं.
"हे अजून सोडतंय का काही?"

वाळलेलं गवत जवळजवळ गप्पच असतं, मी सांगते.
ओल लागली तर मात्र सुटायला लागेल.

ती छताकडे बघते, कोपरा न् कोपरा,
बराच वेळ.
मग म्हणते, "त्या खिडकीपाशी थोडं गळतं.
आजच कुणाला तरी बोलावते."