कचराळीची तिसरी फेरी

गुप्ते म्हणतात, जायलाच नको होतं आपण त्या बेटावर.
शेजारच्या घरात भांडण, आणि आपण लाटणं घेऊन मध्ये.
तांडेल म्हणतो, मग काय दारातून बघत बसायचं?
मोठा देश म्हणजे नुसता मोठा नकाशा का?

'शांतिसेना' या एका शब्दावर दोन फेऱ्या गेल्या.
बदकं कठड्याशी आली, काही नाही बघून वळली.
मी दोघांनाही बरोबर म्हणतो
आणि गुडघा सांभाळतो.

चोरगे मागून येतात. सिग्नलमध्ये होते, तिथेच.
आज गुप्ते थांबले:
तुम्हीच सांगा हवालदार, चुकलं का आपलं?

"सहा आकडे होते," चोरगे म्हणाले.
"वायरलेसवर मी वाचले. वारा फार,
तोफखान्याने पुन्हा मागितले.
पुन्हा दिले. सावकाश, एकेक सुटा.
साहेब म्हणाले, चोरगे, उच्चार छान आहेत तुझे."

तांडेलने खिशातले शेंगदाणे पुढे केले.
हात तसाच राहिला.

मग गुप्ते: तरी पण, धोरण म्हणून बघितलं तर...

फाटकाशी नारळवाल्याने विचारलं, किती?
"चार," चोरगे म्हणाले,
इतकं स्वच्छ
की रस्त्यापलीकडचा रिक्षावाला वळून बघू लागला.