अर्धं बोट माया

हडर्सफील्डच्या मार्केटमागे माझं दुकान:
बाह्या आखूड करणं, चेन बदलणं, कंबर सैल करणं.
काल मिसेस अ‍ॅकरॉइड कोट घेऊन आल्या,
तीन हजार पौंडांचा. हप्ते अजून चालू आहेत,
हे जरा हळू बोलल्या.

अस्तर उसवलं, तर आत
माया जेमतेम अर्धं बोट.
उद्या अंग भरलं तर सोडायला जागाच नाही.
मशीनवरच्या कुण्या बाईचा
घाईत एक टाका चुकलेला.
मानेमागचं लेबल तेवढं
चारी कोपऱ्यांत जीव लावून शिवलेलं.

खोटं कशाला सांगू, लीड्सला त्याच काचेपुढे
मीही उभी राहिलेय, पाव तास,
अंगातल्या माझ्या कोटावर रागावून.

तो आता इथे खुंटीवर आहे.
बंद पडलेल्या गिरणीतला कटपीस, नऊ पौंडांचा;
रंग चिंतामणी,
जो या गावात कुणी घालत नाही.
दोन बोटं माया. एक बटण वेगळं, मुद्दाम.

आरशातून त्याच्याकडे बघत
त्या म्हणाल्या, "हा कुठल्या कंपनीचा?"

माझ्या तोंडात टाचण्या होत्या.
एक काढली,
आणि त्यांची बाही
बोटभर वर घेतली.