यो काला नाय

यादी मी वहीच्या मागच्या पानावर केली होती,
सहा महिने खोडत, गिरवत.
प्रोसेसर ठरला की मदरबोर्ड रुसायचा,
त्याची समजूत काढावी
तर ग्राफिक्स कार्ड कॅबिनेटमध्ये दोन बोटं जास्त.
पॉवर सप्लायवर काटकसर करू नकोस, सगळेच सांगतात.
कुठे करायची ते कोणीच सांगत नाही.
एक लाख दहा हजार. महापेच्या नाइट शिफ्टचे,
ओव्हरटाइम धरून.

वाशीला, सेक्टर सतराच्या पहिल्या मजल्यावर,
फैजानच्या दुकानात बाबा आले
ते खोकी उचलायला म्हणून.
स्टुलावर बसले, पिशवी मांडीवर.
आमचा वॅटचा हिशेब चालला होता,
रॅमची एक पट्टी की दोन,
आणि कार्ड सेकंदाला एकशे ऐंशी चित्रं ओकणार असेल
तर साठ हर्ट्झचा मॉनिटर घेणं म्हणजे
"हायवे बांधायचा आणि शेवटी रेल्वे फाटक,"
फैजान म्हणाला.

मग त्याने दोन मॉनिटर शेजारी लावले.
सत्तावीस इंची दोन्ही, किंमत जवळपास एक.
डावा चपळ. उजवा जरा आळशी,
काळोखातून कोणी पळालं
की त्याच्यामागे धुराची शेपटी सोडणारा.
मला डावाच हवा होता.
कोपऱ्यावरून डोकावणारं डोकं
मला इतर कुणाच्याही आधी दिसायला हवं होतं.

बाबा उठले. "बत्ती बंद कर."
फैजानने माझ्याकडे पाहिलं.
"दोन्यांवर काला लाव. निस्ता काला."

एकतीस वर्षं, पावण्याच्या रंगाच्या कंपनीत
बाबा शेड जुळवायचे.
एका हातात चिंधी, दुसऱ्यात नमुना,
आधी खिडकीशी, मग ट्यूबखाली, मग पिवळ्या बल्बखाली,
कारण एका उजेडात सख्खे वाटणारे रंग
दुसऱ्या उजेडात ओळखही दाखवत नाहीत.
काळा सगळ्यात खोटारडा, ते सांगायचे,
कोणी पोटात निळा लपवतो, कोणी लाल.
कंपनीमागचा नाला
त्या दिवशीच्या लॉटच्या रंगाने वाहायचा.
शाळेत जाताना आम्ही त्यावरून वार ओळखायचो.

शटर अर्धं खाली आलं.
दुकानात दोनच चौकोन उरले.
बाबांनी डाव्याच्या कोपऱ्यापर्यंत बोट नेलं,
काचेला न लावता.
"यो काला नाय. यो राखारी हाय."
उजव्यापुढे मात्र नुसते उभे राहिले,
लॉट पास झाल्यावर उभे राहत असतील तसे.

मी डावाच घेतला.
पैसे माझे होते.
बाबांनी काही न बोलता खोकं उचललं
आणि घणसोलीपर्यंत रिक्षात मांडीवर आडवं धरलं.

पहिल्यांदा बटण दाबलं, पंखे फिरले,
पडदा मुका.
रात्री दीडला कळलं, रॅमची पट्टी
एका टोकाला बसलीच नव्हती.
टक्. एवढाच आवाज.

तेव्हापासून एकशे ऐंशी आहेत, मोजून.
डोकावणारी डोकी मला आधी दिसतात.
पण एक डाव संपून दुसरा लागेपर्यंत
पडदा मिटतो, सात-आठ सेकंद,
आणि डाव्या खालच्या कोपऱ्यात
ते येतं. राखाडी.
आधी दिसत नव्हतं, शपथ.
ब्राइटनेस उतरवली, मागे दिवा लावून पाहिला.
आता तव्यातही दिसतं,
आईच्या केसांच्या कलपातही: पोटात लाल.

काल नवीन गेम लावला होता, परग्रहावरचा.
बाबा पाणी प्यायला उठले, दारात थांबले.
पडद्यावर नदी. जांभळी, काठाला हिरवा फेस,
कुणीतरी जीव ओतून काढलेली,
कार्ड घामाघूम होऊन तिची लाट लाट उलगडत होतं.
मी म्हणाले, बघा, असं पाणी कुठे असतं का?

बाबा जवळ आले. चष्मा कपाळावर सरकवला.
बराच वेळ पाहत राहिले.
"आज कंचा लॉट हाय?"