खुर्च्या पाच

रत्नागिरीचा माणूस आला, पॅकर्स-मूव्हर्सवाला,
गळ्यात ओळखपत्र, बुटांना दाभोळची लाल माती.
बूट काढावे की नाही म्हणून उंबऱ्यात जरा घुटमळला.
मी म्हटलं, या तसेच,
घर आता आठ दिवसांचंच आहे.

त्यानं वही काढली. फ्रिज एक.
कपाट लोखंडी, एक. खालचा गंज आधीच लिहून घेतला,
म्हणजे उद्या मी म्हणू नये, तुम्ही लावलात.
पिंपं दोन. शिवणयंत्र, पायाचं, एक.
आगळाच्या बाटल्या अकरा,
इथे तो थांबला:
"पातळ पदार्थ आम्ही नेत नाही, मॅडम."
खुर्च्या पाच.

सहा, असं माझ्या ओठांवर आलं होतं.

अठरा हजार, फेरीबोटीचं भाडं वेगळं.
खाडी ती केवढी!
धोपाव्याच्या धक्क्यावर कुणी शिंकलं
तर इकडे आपलं बोलणं सत्य ठरावं, एवढी.

रात्री तुझा फोन, जहाजावरून, आवाज तुटत तुटत:
"देऊन टाक... कशाला... वाडीतली पोरं..."
मधला शब्द समुद्रात पडला.
पोरांना बोलव म्हणालास, की बोलवू नको?

मग मीच मांडलं, लाईटबिलाच्या पाठीवर.
वाडीतली पोरं आठ, फुकट.
सकाळी चहा-भजी, दुपारी कोंबडी-वडे,
संध्याकाळचं ज्याचं त्याला माहीत, पैसे माझे.
गजा तांडेलाची होडी फुकट,
डिझेल माझं, भरती देवाची.
वर आठ तोंडांचे प्रश्न:
का जाताय, डिपॉझिट किती दिलंत, भावोजींना विचारलंत का,
आणि न्हाणीमागची ती फणसाकडची वाट
शेवटी कुणाची ठरली?

अठरा हजारांत हे कुणी विचारत नाही.
माणसं गप्प उचलतात,
पुठ्ठ्याच्या खोक्यावर 'स्वयंपाकघर' लिहितात,
आणि त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून
चार वर्षं कुणाकडे बघायचं टाळलं, ते लिहीत नाहीत.

हो म्हणून कळवलं. दोन हजार आगाऊ.

सहावी खुर्ची पावसकरणीकडे आहे.
नातवाच्या बारशाला नेली होती,
आठवड्यानं त्या वाटेवरून आमचं वाजलं.
नातू आता बालवाडीत जातो.
खुर्ची मागायची तर आधी बोलायला हवं,
आणि बोलायचं तर
खुर्चीपासून कशी सुरुवात करणार?

मंगळवारी ट्रक आला. चार माणसं, हातमोजे घातलेली.
दीड तासात घर रिकामं.
एवढ्या वेळात आमच्याकडे
नारळ कुणी सोलायचा तेही ठरत नाही.
भिंतीवर कपाटाच्या आकाराचा जुना निळा रंग राहिला,
तो यादीत नव्हता.

पावसकरीण तिच्या पडवीत होती,
माझ्याच खुर्चीत.
वेत नवा विणून घेतलेला, पिवळा, अजून ताठ.
मला बघून अर्धी उठली.
उठावं की बसावं, तिलाच कळेना.
मी हातानं खूण केली: बस.
बसली.
ट्रक सुरू झाल्यावर मात्र ओरडली,
चार वर्षांतलं पहिलं वाक्य:
"आगळ ट्रकात नको हां टाकूस गो, फुटेल!"

नाही टाकलं.
फेरीबोटीवर दोन पिशव्या मांडीवर घेऊन बसले,
बाटल्या एकमेकींना लागून किणकिणत होत्या,
मध्ये माझा जुना परकर कोंबला तेव्हा गप्प झाल्या.

शृंगारतळीला, दुसऱ्या मजल्यावर,
त्यानं यादी पुढे केली, पेनाचं टोपण काढून दिलं.
"सगळं पोचलं ना, मॅडम? मोजून घ्या हां,
मागाहून तक्रार नको."

मोजलं.
खुर्च्या पाच.
बरोबर आहे म्हटलं,
आणि सही केली.